पपांच्या बेसचे दोन पिकअप

माझ्या सासऱ्यांचा बेस गिटार बंद पडला तेव्हा तो माझ्या मुलीच्या हातात होता. रविवारची सकाळ होती. सासरे, म्हणजे पपा, चर्चमधली मिस्सा आटोपून नुकतेच घरी आले होते आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. मुलीने वायर लावली, बटण फिरवलं, तार छेडली, आणि काहीच झालं नाही. अँप्लिफायर नुसता गुणगुणत राहिला. तिने दुसरी वायर लावून पाहिली, मग पुन्हा पहिली. शेवटी रडवेली होऊन म्हणाली की मी काही केलं नाही, खरंच काही केलं नाही. पपांनी बेस तिच्याकडून घेतला, मांडीवर आडवा ठेवला आणि तारांखालच्या काळ्या चपट्या पट्टीवर नखाने टकटक केली. स्पीकरमधून काही आलं नाही.

"तू नाय केलंस, बाय," ते म्हणाले. "वय झालंय त्याचं."

ती काळी पट्टी म्हणजे पिकअप. आत चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती तांब्याची, केसाहून बारीक तार हजारो वेळा गुंडाळलेली असते. वरची जाड तार थरथरली की ती थरथर हा पिकअप पकडतो आणि अँप्लिफायरकडे पाठवतो. तो गेला की बेस म्हणजे नुसतं लाकूड. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच दिसलं की पपांनी बेस फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवला.

आमचं घर गोरेगावच्या एका जुन्या गावठाणात आहे. आता चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत, पण आमच्या गल्लीत अजून कौलं आहेत, क्रूस आहे, आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून कळतं. पपा दिवसा रंगांच्या कंपनीत नोकरी करायचे आणि शनिवार-रविवारी बँडमध्ये बेस वाजवायचे. हा जपानी बेस त्यांनी तरुणपणी जहाजावरच्या एका नातेवाइकाकडून घेतला होता. गोरेगाव ते वसई या पट्ट्यात त्यांनी वाजवलं नाही असं लग्नघर सापडायचं नाही. एक माझं सोडून. मी विक्रोळीच्या चाळीतली, कोकणातल्या हिंदू घरातली. आमचं लग्न रजिस्टर झालं तेव्हा पपा आले नव्हते. वर्षभराने सासूबाई आम्हाला घरी घेऊन आल्या, पपांनी दार उघडलं, "या" म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला. त्यानंतर वीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. भांडण कधी झालं नाही. बोलणंही बेताचंच. नवरा जहाजावर असतो, वर्षातले सात-आठ महिने घरी नसतो, त्यामुळे सासूबाई होत्या तोवर आमच्यामधला निरोप्या त्याच होत्या.

त्या गेल्या आणि पपांनी बेस पलंगाखाली सरकवला. दोन वर्षं तो तिथे होता. मुलगी कॉलेजात गेली, तिथल्या बँडला बेस वाजवणारं कोणी नव्हतं, तेव्हा तिने तो ओढून बाहेर काढला आणि आजोबांना म्हणाली, शिकवा. रोज चार वाजता दोघं व्हरांड्यात बसायला लागली. घरात पुन्हा माणसांचा आवाज आला. म्हणून तो बेस बंद पडला तेव्हा मला जरा जास्तच लागलं.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं अंधेरीला गेलो. स्टेशनबाहेरच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर गिटार दुरुस्तीचं दुकान आहे. कारागीर पन्नाशीचा, कपाळावर भिंग बांधलेला. त्याने तारा सैल केल्या, पिकअप उचलून मीटर लावला आणि मान हलवली. आतली तार कुठेतरी तुटली होती, दमट हवेने हिरवी पडली होती. तो म्हणाला, काका, नवीन टाका, जुन्याच्या मागे लागू नका. मग त्याने भिंतीवरचे तीन बेस काढून दाखवले. प्रत्येकात वेगळा पिकअप. एक जाड दुहेरी गुंडाळीचा, घुमणारा. एक सडपातळ, स्वच्छ बोलणारा. तिसरा बॅटरीवर चालणारा, खणखणीत.

मुलीने तिन्ही वाजवले. एकच चाल, तीनदा. मला गाण्यातलं काही कळत नाही, तरी तिन्ही आवाज वेगळे आहेत एवढं मलाही कळलं. पपा स्टुलावर पुढे वाकून बसले होते. पहिल्याला म्हणाले, बरा आहे. दुसऱ्याला म्हणाले, बरा आहे. तिसऱ्यालाही तेच. मुलीने विचारलं, तुम्हाला कुठला हवा? ते म्हणाले, तुला कुठला? ती म्हणाली, बेस तुमचा आहे. असं चार-पाच वेळा झाल्यावर कारागीर हसला आणि म्हणाला, घरी जाऊन ठरवा, घाई नाही. त्याने जुना पिकअप प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. टाकून द्यायचा तर द्या, म्हणाला.

मुलगी तिथूनच क्लासला गेली. मी आणि पपा रिक्षाने निघालो. जोगेश्वरीच्या पुलापाशी गाड्या अडकल्या होत्या. रिक्षा बंद करून ड्रायव्हर बाहेर उतरला, तेव्हा पपा समोर बघत म्हणाले, "मला तिन्ही सारखेच लागले."

मला वाटलं, पसंत पडले नाहीत असं म्हणायचंय. मी काहीतरी बोलले. त्यांनी हाताने थांबवलं. मग हळूहळू, एकेक करून सांगितलं. वरचे आवाज जाऊन बरेच दिवस झाले. चिमण्या ऐकू येत नाहीत. कुकरची शिट्टी येत नाही. दारावरची बेल येत नाही. खालचे आवाज येतात, माणसांचं बोलणं येतं, पण शब्दांच्या कडा पुसल्यासारख्या.

गेली दोन वर्षं मी ऑफिसातून येऊन बेल वाजवत दारात उभी राहायचे, आणि पपा आत पेपर वाचत बसलेले खिडकीतून दिसायचे. मला वाटायचं, सासूबाई गेल्यावर आता माझ्यासाठी उठावंसंही यांना वाटत नाही. एकदा मी पिशव्या आपटून आत शिरले होते. ते सगळं रिक्षात एकदम अंगावर आलं.

"पोरीला सांगू नको," ते म्हणाले. "आणि तो दुसरा घे. सडपातळ होता तो."

मी विचारलं, सारखेच लागले ना, मग दुसराच का?

"तो वाजवताना तिची मान हलली. बाकीच्यांना नाय हलली."

दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. तिलाही काहीतरी सांगायचं होतं. म्हणाली, "मम्मी, आजोबांना नीट ऐकू येत नाही. प्लीज त्यांना सांगू नकोस की मला कळलंय."

तिला ईस्टरच्या सुमारासच लक्षात आलं होतं. तारा जुळवताना पपा बेसच्या वरच्या शिंगासारख्या टोकावर हनुवटी टेकवायचे. आधी तिला ती ऐट वाटली. मग एकदा घरी कोणी नसताना तिने स्वतः हनुवटी टेकवून पाहिली. लाकडाची थरथर जबड्यातून थेट डोक्यात शिरते. ते कानाने नाही, हाडाने ऐकत होते. तिचं म्हणणं असं की तिला कुठलाही पिकअप चालेल, पण आजोबांना जुनाच हवा. जुना जाड आवाजाचा होता, त्यांना ऐकू येतो त्याच पट्टीतला. तिने कारागिराला फोनसुद्धा केला होता. तो म्हणाला, जुना पुन्हा गुंडाळता येतो, पण ते काम मी करत नाही. इतकी बारीक तार हाताने गुंडाळायला आता बसतंय कोण?

दोघांनीही मला शपथ घातलेली. दोन दिवस मी तशीच वावरले, एकाचं दुसऱ्याला न सांगता. तिसऱ्या दिवशी पर्समध्ये रुमाल शोधताना ती प्लास्टिकची पिशवी हाताला लागली. मी खिडकीत गेले, चष्मा लावला आणि पिकअपमधून लोंबणारं तारेचं टोक चिमटीत धरलं. आणि मला हसू आलं. ही तार मला चांगली माहीत होती, जाडीच्या नंबरासकट. शेहेचाळीस गेज.

लग्नाआधी आणि नंतरही, मिळून अकरा वर्षं, मी विक्रोळीच्या एका कारखान्यात होते. तिथे रिले, म्हणजे विजेने चालणारे छोटे स्विच, बनायचे, आणि रिलेच्या गुंडाळ्या करणारा विभाग सगळा बायकांचा. सकाळी आठ ते साडेचार हीच तार बोटांतून सोडायची. जरा जोर झाला की तुटते, जरा सैल पडली की पसरते. डोळ्यांनी दिसतच नाही म्हणा ना, बोटांनाच कळावं लागतं. तो विभाग बंद झाला, मी शाळेच्या ऑफिसात लागले, आणि ते सगळं विसरून गेले होते.

संध्याकाळी मी पपांच्या समोर बसले आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की जुना पिकअप मी गुंडाळून देते. ते माझ्याकडे बघत राहिले.

"तू? तू तर पॅकिंगला होतीस ना?"

वीस वर्षं एका घरात, आणि त्यांना हे माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, नाही पपा, मी वाइंडिंगला होते. त्यांनी माझा हात उलटा करून बोटं पाहिली, जणू तिथे काही खूण असणार. मग म्हणाले की तरी तो दुसरा पोरीसाठी घ्यायचाच. मी म्हटलं, दोन्ही बसवू. बेसच्या अंगात खाली, तारा जिथे अडकवतात तिथे, आणखी एक खाच पाडता येते असं कारागीर म्हणाला होता. ज्या बेसला त्यांनी सासूबाईंनासुद्धा ओल्या हाताने शिवू दिलं नव्हतं, त्याला कापायचं होतं.

"कापू दे," ते शेवटी म्हणाले.

माझी कारखान्यातली एक मैत्रीण नाहूरला राहते. विभाग बंद झाला तेव्हा तिने हाताने फिरवायचं एक गुंडाळणी यंत्र घेऊन ठेवलं होतं, वेढे मोजणारा काटा असलेलं. अजूनही ती त्यावर बारीकसारीक कामं करते. मी तिला फोन केला, ती म्हणाली ये, तार पण आहे. पपा म्हणाले, मी येतो. मला आश्चर्य वाटलं, पण नको म्हटलं नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने आम्ही बसमधून गेलो. पपा खिडकीशी बसून पवईच्या तळ्याकडे बघत होते आणि पिकअपची पिशवी त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली होती.

मैत्रिणीने टेबल खिडकीजवळ ओढलं, दिवा लावला, चहा ठेवायला आत गेली. मी जुनी कुजलेली तार सोडवून काढली, नवी अडकवली आणि सुरू केलं. उजव्या हाताने हँडल, डाव्या हाताच्या दोन बोटांत तार. पहिले दोनेक हजार वेढे छान गेले. मला वाटलं, अजून हात बसलेला आहे. मग उजवा हात जरासा घाईत आला आणि तार तुटली. ती तुटल्याचं कळतसुद्धा नाही, नुसतं बोटांतलं ओझं नाहीसं होतं. मी सगळं सोडवून पुन्हा सुरू केलं. या वेळी हजारातच तुटली. डोळ्यांत पाणी आलं. विशीत ज्या कामात माझा कोणी हात धरू शकत नव्हतं, ते पन्नाशीच्या तोंडावर होत नव्हतं.

पपांनी खुर्ची यंत्राच्या दुसऱ्या बाजूला आणली आणि हँडलवर हात ठेवला.

"मी फिरवतो. तू तार बघ."

मी म्हटलं, हळू चालेल, पण एकसारखं पाहिजे.

"एकसारखंच तर वाजवलंय जन्मभर," ते म्हणाले.

आणि खरंच, तसं हँडल मी कारखान्यातही कोणाचं पाहिलं नव्हतं. कमी नाही, जास्त नाही. दोन मिनिटांत माझी बोटं त्या लयीत गेली आणि तार इकडून तिकडे, तिकडून इकडे आपोआप बसायला लागली. मैत्रीण चहा घेऊन आली, आम्हाला बघून कप ठेवून पुन्हा आत गेली. काटा तीन हजार झाला, चार हजार झाला. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. पपा घशातल्या घशात काहीतरी म्हणत होते, बँडमधली कुठलीतरी जुनी चाल असावी. मग ती थांबली.

"सगळ्या गावाच्या लग्नात वाजवलं मी," ते म्हणाले. "तुमच्या नाय वाजवलं."

हँडल थांबलं नव्हतं. माझी नजर तारेवर होती आणि ती मला हलवता येत नव्हती. वीस वर्षांत हे वाक्य कधी येईल असं मला वाटलं नव्हतं, आणि आलं तेव्हा माझ्या दोन्ही बोटांत शेहेचाळीस गेज.

"पपा," मी म्हटलं, "तार तुटेल."

"बरं," ते म्हणाले, आणि फिरवत राहिले.

पाच हजार झाले. तेव्हा मी म्हटलं की त्या दिवशी तसंही वाजवायला जागा नव्हती, रजिस्ट्रारच्या ऑफिसात मोजून चार खुर्च्या होत्या आणि त्यातली एक मोडकी. त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी मान वर न करता, मोठ्याने पुन्हा सांगितलं. तेव्हा ते हसले. हसताना खांदे हलले, पण हँडल तेवढंच चालू राहिलं.

आठ हजारांवर मी थांबा म्हटलं. मैत्रिणीने मीटर लावला, काटा बरोबर तिथे गेला जिथे जायला हवा होता. तिने माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि पपांना विचारलं, काका, कामाला येता का? घरी आल्यावर तो पिकअप मेणात बुडवायचा होता, म्हणजे आतले वेढे हलत नाहीत. मेणबत्त्यांचे तुकडे आमच्या घरात कधी कमी नसतात. पपांनी गरम पाण्यात पातेली ठेवून मेण वितळवलं आणि पिकअप सुतळीने बांधून आत सोडला, बुडबुडे थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले.

अंधेरीच्या दुकानात खाच पाडायच्या वेळी मात्र ते आत थांबले नाहीत. मशीनचा किंचाळणारा आवाज त्यांना ऐकू येत नसणार, पण बेसच्या लाल रंगाखालचं पांढरं लाकूड भुसा होऊन उडताना दिसत होतं. ते जिन्यात जाऊन उभे राहिले. मुलगी त्यांच्यामागे गेली. कारागिराच्या हातून कडेचा एक टवका उडाला, त्याने कबूल केलं, रंगाने भरूनही दिला. अजून तो दिसतो.

दुसऱ्या दिवशी चार वाजता व्हरांड्यात अँप्लिफायर लागला. आता बेसला दोन बटणं होती, वरचं जुन्या पिकअपचं, खालचं नव्याचं. पपांनी वरचं पूर्ण उघडलं, खालचं बंद ठेवलं आणि तारा जुळवायला लागले. मुलगी जवळ बसली होती, तिच्यामुळे असेल, ते मान ताठ ठेवून कानाने ऐकायचा प्रयत्न करत होते. एक तार जुळेना. दोन-तीनदा खुंटी मागे-पुढे केली.

"आजोबा," मुलगी म्हणाली, "हनुवटी टेकवा ना. नेहमी टेकवता तशी."

पपांनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मानेनेच नाही म्हटलं, मी काही सांगितलेलं नाही.

"कधीपासून माहीत हाय तुला?"

"ईस्टरपासून."

त्यांनी बेस थोडा वर घेतला, टोकावर हनुवटी टेकवली, डोळे मिटले. खुंटी हलकेच फिरली आणि तार जागेवर आली. मग त्यांनी वाजवलं. काय ते मला सांगता येणार नाही, मला नाव माहीत नाही. सावकाश चालणारं, खालच्या सुरातलं होतं. शोकेसमधले सासूबाईंचे कप बशांवर वाजायला लागले. समोरच्या घरातली बाई गॅलरीत आली आणि तिथेच कठड्याला रेलून उभी राहिली.

नंतर मुलीने वाजवलं, दोन्ही बटणं उघडून. नव्या पिकअपने प्रत्येक स्वराला धार आली. पपा तिच्या बाजूला बसून बेसच्या पाठीवर तळहात ठेवून होते. मी विचारलं, कळतो का फरक? ते म्हणाले, कानाला नाही कळत, हाताला कळतो. आणि तिची मान बघ.

महिन्याभरात मुलीनेच त्यांना कान तपासायला नेलं. कानाचं मशीन मिळालं. ते मिस्साला घालतात, बाजारात घालतात, बेस वाजवताना काढून ठेवतात. म्हणतात, त्यात तारेवर बोट घासल्याची खरखर येते, ती कशाला ऐकायची? बेल वाजली की आता ते दार उघडतात. कधी कधी मी वाजवायच्या आधीच.

डिसेंबरात गावठाणातल्या मैदानावर कार्यक्रम झाला. मुलगी स्टेजवर, बेस तिच्या गळ्यात. मी जेवणाच्या टेबलाशी होते. पपा खुर्चीत बसले नाहीत, मोठ्या स्पीकरच्या बाजूला जाऊन त्यावर हात ठेवून उभे राहिले. बँडमधला त्यांचा एक जुना सोबती तिथे आला आणि बेसकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, आवाज चांगला लागलाय, असंच काहीतरी असावं. मशीन पपांच्या खिशात होतं, त्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्यांना कळलं नाही. गाणं नेमकं त्याच वेळी संपलं होतं.

"आतली तार माझ्या सुनेने गुंडाळलीय," ते म्हणाले. "आठ हजार वेढे."

सगळे माझ्याकडे वळले. मी घाईघाईने समोरच्या माणसाच्या प्लेटमध्ये भात वाढला, आणि वाढतच राहिले, तो पुरे पुरे म्हणत असताना.